ताबा दिल्यानंतरच्या मे महिन्यात एकदा परत या

शासकीय कार्यालयांच्या इमारतींचे आराखडे काढणारे वास्तुविशारद, त्या उभारणारे अभियंते आणि त्यांना मंजुरी देणारे अधिकारी यांना खुले पत्र

स. न. वि. वि.

महसूल खात्यात मी एकतीस वर्षं नोकरी केली. लिपिक म्हणून लागले आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. या काळात तीन इमारतींमध्ये बसले. पहिली इंग्रजांच्या वेळची कौलारू कचेरी, दुसरी सत्तरच्या दशकातली दोन मजली आरसीसी, आणि शेवटची चार वर्षं नवं कोरं प्रशासकीय भवन. गाव विदर्भातलं, एवढंच सांगते. माझ्या बरोबरीची माणसं अजून तिथेच, त्याच टेबलांवर बसतात, म्हणून नाव लिहीत नाही.

पत्र तुम्हा सगळ्यांना मिळून लिहिते आहे. आराखडा एकाचा, अंदाजपत्रक दुसऱ्याचं, मंजुरी तिसऱ्याची असते, आणि टेबलावर बसणारा माणूस त्यांतल्या एकालाही कधी भेटत नाही.

नव्या इमारतीचं उद्घाटन जानेवारीत झालं. आम्ही बायकांनी पहाटे येऊन रांगोळ्या काढल्या होत्या. जुन्या कचेरीत पावसाळ्यात फायलींवर प्लास्टिक अंथरून वर्षं काढलेली होती, त्यामुळे आनंद खरा होता. समोरची पूर्ण भिंत काचेची, बाजूला एसीपीचे, म्हणजे अॅल्युमिनियमच्या थरांचे, चकचकीत पत्रे, आत ग्रॅनाइट. हॉल मोठा आणि उजेडाचा. जानेवारीतलं ऊन टेबलावर यायचं तेही हवंहवंसं वाटायचं.

मग एप्रिल आला. रस्ता पश्चिमेला होता, म्हणून दर्शनी बाजू पश्चिमेला ठेवलेली होती, आणि दर्शनी बाजू म्हणजे काच. दुपारी अडीचनंतर ऊन सरळ हॉलमध्ये शिरायचं आणि कार्यालय सुटेपर्यंत हलायचं नाही. २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला आणि कार्यालयाची वेळ सव्वासहापर्यंत गेली. विदर्भात मे महिन्यात सव्वासहाला सूर्य मावळलेला नसतो. म्हणजे अख्खी दुपार आणि संध्याकाळ आम्ही त्या काचेमागे.

संगणकाचा पडदा दिसेना, तेव्हा आमच्या ऑपरेटर मुलीने पुठ्ठ्याचा आडोसा करून मॉनिटरला लावला. पंधरा दिवसांत सगळ्या काचांवर जुनी वर्तमानपत्रं चिकटवली गेली. ते वाईट दिसतं म्हणून वरून सूचना आली आणि काळी फिल्म लावून घेतली. फिल्ममुळे हॉल अंधारला, म्हणून भर दुपारी सगळे दिवे लागले. काच बसवायला पैसे गेले, ती झाकायला गेले आणि झाकल्यावर उजेडासाठी दर महिन्याला जाऊ लागले. उष्णता मात्र तशीच आत येत राहिली, कारण काच तापली की फिल्मच्या आतूनही तिची धग अंगाला लागते.

त्या काचा उघडणाऱ्या नव्हत्या. पूर्ण इमारत वातानुकूलित होईल या हिशेबाने आराखडा काढलेला. प्रत्यक्षात एसी लागले साहेबांच्या दालनात आणि व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सच्या, हॉलमध्ये. आमच्या हॉलला छताचे पंखे मिळाले, जे तीच तापलेली हवा फिरवत राहायचे. मग आम्ही वर्गणी काढून कूलर आणला. विदर्भातल्या कोणत्याही घरात विचारा, कूलर खिडकीबाहेर लावतात आणि समोरचं दार उघडं ठेवतात. बाहेरची कोरडी हवा ओल्या ताटीतून आत यायला हवी आणि दुसरीकडून बाहेर जायला हवी. बंद काचेच्या हॉलमध्ये ठेवलेला कूलर तीच हवा पुन्हा पुन्हा ओली करतो. तासाभरात अंग चिकचिकायला लागतं, कागद मऊ पडतात, आणि गारवा येत नाही तो नाहीच.

त्याचं काय होतं ते सांगते. दुपारी चारच्या सुमारास डोकं जड व्हायचं, डोळे चुरचुरायचे, आणि हाताखालून चुका जायच्या. मी एक नियम घालून घेतला होता: एप्रिल ते जून, चारनंतर केलेली प्रत्येक नोंद दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः पुन्हा तपासायची. चुका सापडायच्या. फेरफारात गट क्रमांकाचा एक आकडा इकडचा तिकडे झाला, तर तो दुरुस्त करून घ्यायला शेतकऱ्याला महिनोन् महिने खेटे घालावे लागतात, हे मी आयुष्यभर पाहिलं आहे. कर्मचाऱ्यांच्या आरामाचा विषय निघाला की काही लोकांना तो लाडाचा वाटतो. त्यांनी त्या शेतकऱ्याचा विचार करावा.

आता माझा मुख्य मुद्दा. इमारत ताब्यात दिल्यावर ठेकेदारावर दोष दायित्व कालावधी असतो. त्या मुदतीत छत गळलं, प्लास्टर पडलं, फरशी उखडली तर त्याला स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावं लागतं. पण दुपारी तीन वाजता हॉलमध्ये माणसाला बसवत नाही, हा दोष त्या कुठल्याच यादीत नाही. आणि तो दोष ठेकेदाराचा नसतोही, आराखड्याचा असतो, ज्यावर कोणतंच दायित्व नाही. आमच्या इमारतीचा आराखडा ज्यांनी काढला ते उद्घाटनाला आले होते, त्यांचा सत्कार झाला, आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यानंतर ते पुन्हा आले नाहीत. ते मनाने वाईट होते असं मला मुळीच वाटत नाही. त्यांना कोणी बोलावलं नाही, आणि यायलाच हवं असं कुठे लिहिलेलं नव्हतं.

तर माझी मागणी अशी. वास्तुविशारदाच्या शुल्काचा शेवटचा हप्ता उद्घाटनाला देऊ नका. ताबा दिल्यानंतर मे आणि ऑगस्ट हे दोन महिने एकदा जाऊ द्या. त्या दोन महिन्यांत आराखडा काढणाऱ्याने आणि अंमलबजावणी करणाऱ्या अभियंत्याने त्या इमारतीत येऊन पूर्ण एक दिवस कारकुनाच्या टेबलावर बसावं. सोबत साधा तापमापक आणावा, हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र आणावं, विजेची बिलं बघावीत, आणि शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना विचारावं. जे सापडेल ते लिहून ठेवावं आणि पुढच्या तालुक्याच्या आराखड्याला जोडावं. यात नवीन यंत्रसामग्री नाही, मोठा खर्च नाही.

असं झालं असतं तर आमच्याकडचं काय बदललं असतं? निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला, आणि भाचा वास्तुकलेचा विद्यार्थी असल्याने त्याच्याकडून थोडं शिकून घेतलं. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरला शून्य सावली दिवस येतो, म्हणजे सूर्य माध्यान्हीला बरोबर डोक्यावर असतो. त्यामुळे आपल्याकडे भर उन्हाळ्यात दक्षिणेची भिंत फारशी तापत नाही. तापतं ते छत, आणि सकाळी पूर्वेची व दुपारनंतर पश्चिमेची भिंत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला झुकतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून हवं तेव्हा ऊन देतो. म्हणजे इमारतीच्या लांब बाजू उत्तर-दक्षिणेला आणि अरुंद बाजू पूर्व-पश्चिमेला हव्यात. प्लॉट आडवा असला आणि पश्चिम टाळता आली नाही, तर तिकडे जिना, लिफ्ट, संडास, अभिलेख कक्ष घालावेत आणि माणसं उत्तरेला बसवावीत. पश्चिमेच्या खिडकीवर नुसता आडवा छज्जा काढून भागत नाही, कारण चार-पाच वाजता सूर्य त्याच्या खालून आत येतो. तिथे उभे पडदे, जाळी किंवा झाड लागतं. भाच्याने हे मला एका कागदावर दहा मिनिटांत समजावलं. ते तुम्हाला माहीत नसेल असं मी कसं म्हणू? माहीत आहे, पण रस्त्यावरून इमारत कशी दिसेल हा प्रश्न प्रत्येक वेळी त्याच्या पुढे गेला आहे.

आमच्या जुन्या कचेरीला हे माहीत होतं. दीड-दोन फुटांच्या भिंती, चारी बाजूंनी व्हरांडा, उंच छत आणि छताजवळ रोशनदानं. गरम हवा वर चढून तिथून निघून जायची. उन्हाळ्यात व्हरांड्याच्या कमानींना वाळ्याच्या ताट्या बांधायचे आणि शिपाई दर तासाला त्यांवर पाणी मारायचा. बाहेर पंचेचाळीस असताना आत काम होत होतं. पण त्या इमारतीची मी आरती करणार नाही. अभिलेख कक्षात दिवसाही कंदिलाएवढा उजेड, पावसात सगळीकडे टपटप, बस्त्यांमागे एकदा साप निघाला होता. आणि बायकांसाठी संडास नव्हता. नोकरीच्या पहिल्या सात वर्षांत मी आणि माझ्या दोन सहकारी दुपारी समोरच्या गल्लीतल्या एका काकूंच्या घरी जायचो. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. पण सरकारी नोकरीतल्या बाईला शेजारच्या घराच्या दयेवर राहावं लागलं, हेही विसरणार नाही.

नव्या भवनात महिलांचं प्रसाधनगृह होतं. एकाआड एक मजल्यावर. आमच्या तिसऱ्या मजल्यावर पुरुषांचं, महिलांचं दुसऱ्यावर. मे महिन्यात दुपारी पाणी वरपर्यंत चढायचं नाही. मग काय व्हायचं, तर बायका पाणीच पीत नव्हत्या. चाळीसच्या वर तापमान, काचेमागचा हॉल, आणि सकाळी पावणेदहा ते दुपारी डब्यापर्यंत दोन घोट पाणी. माझ्या विभागातल्या सहा बायकांपैकी तिघींना मूत्रमार्गाच्या संसर्गाचा त्रास पुन्हा पुन्हा झाला. एकीला मुतखडा झाला. डॉक्टर प्रत्येक वेळी म्हणायचे, पाणी जास्त प्या. नकाशावर ते प्रसाधनगृह नियमानुसार होतं, तपासणीत त्यावर बरोबरची खूण पडली असणार. वीज, पाणी आणि बाईची तब्येत या तिन्ही गोष्टी त्या एका चौकोनात एकत्र येतात. हरित इमारतीच्या गुणपत्रिकेत पाणी वाचवणाऱ्या नळाला गुण मिळतात हे मला माहीत आहे. पाणी वाचावं हे मलाही वाटतं, पण आधी ते वर पोचू द्या.

माझं म्हणणं असं नाही की देशात हे कोणाला जमलेलंच नाही. दिल्लीत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचं इंदिरा पर्यावरण भवन २०१४ मध्ये सुरू झालं. तेही सरकारी कार्यालयच आहे. मध्ये मोकळं आवार, त्याच्या दोन्ही बाजूंना कार्यालयं, बहुतेक टेबलांना दिवसाचा उजेड, आणि छतावर ९३० किलोवॅटचे सौर पॅनेल, जे वीज देतात आणि खालच्या छतावर सावलीही धरतात. हैदराबादला इन्फोसिसने एकाच इमारतीच्या दोन सारख्या भागांत दोन पद्धती वापरून पाहिल्या. एका भागात नेहमीचा एसी, दुसऱ्यात छताच्या स्लॅबमधल्या नळ्यांतून थंड पाणी. दुसऱ्या भागाला वीज सुमारे एक तृतीयांश कमी लागली. मला त्या नळ्यांपेक्षा त्यांनी दोन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवून मोजल्या हे जास्त महत्त्वाचं वाटतं. आपण मोजत नाही. तालुक्याच्या गावाला दिल्लीसारखं भवन नको आहे, परवडणारही नाही. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजचं आवार वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी स्थानिक विटा आणि विटांच्याच जाळ्या वापरून कमी खर्चात उभं केलं. हवा तिथली वेगळी आहे, दमट. पण जाळीतून वारा येऊ द्यायचा आणि ऊन अडवायचं ही रीत आपल्या वाड्यांनाही ओळखीची होती.

नियमही आहेत. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये आली, २०१७ मध्ये सुधारली गेली. तिच्या सोप्या मार्गाने मान्यता घ्यायची तर भिंतीतली काच ४० टक्क्यांच्या पुढे नेता येत नाही. पण ही संहिता १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त जोडभाराच्या (म्हणजे जोडलेल्या सगळ्या उपकरणांच्या मिळून विजेच्या) इमारतींसाठी आहे. तालुक्याच्या लहान कार्यालयाला ती लागूच होत नाही, आणि पुष्कळ कर्मचारी बसतात ते तिथेच. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्ये तर भारतीय माणसाला काय सोसतं याचं स्वतंत्र मोजमाप घेतलं गेलं. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने देशातल्या कार्यालयांत काम करणाऱ्या लोकांना प्रत्यक्ष विचारून ते तयार केलं. त्याचा अर्थ मला असा कळला: खिडक्या उघडता येत असतील, पंखा असेल, तर बाहेरचं सरासरी तापमान वाढतं तसं आतल्या माणसाला चालणारं तापमानही वाढतं. प्रत्येक हॉल बावीस अंशांवर आणायची गरज नाही. हे वाचून मला बरं वाटलं, कारण आम्ही कधी एसी मागितलाच नव्हता. आम्हाला उघडणारी खिडकी हवी होती.

एसीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. पुष्कळांना वाटतं एसी बाहेरची ताजी हवा आत आणतो. भिंतीवरचा स्प्लिट एसी तसं करत नाही, तो खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो. आमच्या व्हीसी हॉलमध्ये चाळीस माणसं दारं लावून तीन-तीन तास बसायची. दुसऱ्या तासाला अर्ध्या माणसांना झोप अनावर व्हायची आणि कर्मचाऱ्यांना गांभीर्य नाही असं ऐकावं लागायचं. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत साधारण ४२० भाग असतो. बंद खोलीत एवढी माणसं श्वास सोडत असली की तो बघता बघता हजाराच्या वर जातो, आणि मग डोकं जड होतं. एसी लावा, जिथे लागतो तिथे जरूर लावा, चोवीस अंशांवर ठेवा. एक अंश वर ठेवला तरी सुमारे सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरोच सांगतो. पण त्या खोलीत बाहेरची हवा कुठून येणार, हे नकाशावर दाखवा.

१९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम १३ होतं. कामगार जिथे बसतो तिथे पुरेशी खेळती हवा हवी, आणि तापमान शक्य तितकं कमी राहील अशाच वस्तूंच्या व अशाच रचनेच्या भिंती आणि छतं हवीत, असं त्यात लिहिलं होतं. भिंत आणि छत हे कामगाराच्या तब्येतीचे प्रश्न आहेत, हे स्वातंत्र्यानंतर दुसऱ्याच वर्षी या देशाने कायद्यात मान्य केलं. कारकून कारखान्यात बसत नाही, म्हणून त्याच्या भिंतीबद्दल तेवढ्या स्पष्टपणे कोणी लिहिलं नाही.

आणखी दोन ठिकाणं नकाशात बघा. पहिलं, व्हरांडा. जुन्या कचेरीत दाखल्यांसाठी, नकलांसाठी आलेली माणसं व्हरांड्यात बसायची. जूनमध्ये उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्यांची गर्दी होते तेव्हा शंभर-दीडशे माणसं सहज असायची, म्हातारी, कडेवर पोरं असलेली. नव्या भवनात व्हरांडा गेला आणि त्याच्या जागी दोन मजले उंचीचं काचेचं प्रवेशद्वार आलं. माणसं आता पायऱ्यांवर उन्हात बसतात. व्हरांडा त्यांना सावली देत होता आणि आतल्या भिंतीलाही. तो काढल्यावर दोघंही उघड्यावर आले. दुसरं, चौकीदाराची खोली. फाटकापाशी पत्र्याची, पाच बाय पाचची. त्या इमारतीत सगळ्यात जास्त तास घालवणारा माणूस तो, आणि त्याच्यासाठी पत्र्याचं खोकं. आराखड्यात ती खोली नव्हतीच, नंतर कुठून तरी आणून ठेवली.

बांधकामासाठी आवारातले चार कडुनिंब तोडले होते. एक वाचला, तो उत्तरेच्या खिडकीपाशी. त्या खिडकीजवळचं टेबल मिळावं म्हणून हॉलमध्ये कायम चढाओढ असायची. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामधल्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा असं दिसलं, की ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. हा अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. तो वाचला तेव्हा मला आमच्या हॉलमधली ती चढाओढ आठवली. आराखडा काढण्याआधी प्लॉटवरच्या झाडांचा नकाशा करा आणि इमारत त्यांच्याभोवती बसवा. लावलेलं रोप तिसऱ्या मजल्याला सावली देईपर्यंत त्या हॉलमधली एक पिढी निवृत्त होते.

आणि जिथे जुनी दगडी कचेरी अजून उभी आहे, तिथे ती पाडण्यापूर्वी थांबा. छत दुरुस्त करा, वायरिंग बदला, अभिलेख कक्षात उजेड आणा, महिलांचं प्रसाधनगृह बांधा. आमची कचेरी पाडली तेव्हा सागवानी तुळया लिलावात गेल्या आणि दगड कुठे गेले ते कळलंही नाही. तेवढा दगड, तेवढं लाकूड पुन्हा उभं करायचं तर किती सिमेंट आणि किती वीज लागते, हा हिशेब अंदाजपत्रकात घाला.

मे महिन्याचा दुसरा आठवडा सोयीचा पडेल. तोवर दाखल्यांची गर्दी सुरू झालेली नसते, आणि ऊन मात्र पूर्ण असतं. अडीच वाजता या. कोणत्याही जिल्ह्याच्या नव्या भवनात जा, पश्चिमेच्या हॉलमध्ये खिडकीपासून दुसरं टेबल मागून घ्या आणि सव्वासहापर्यंत बसा. आमच्या भवनात येणार असाल तर मी सोबत येईन. तिसऱ्या मजल्यावर पाण्याची बाटली घेऊन चढू, आणि माझ्या जुन्या सहकारी तुम्हाला दुसऱ्या मजल्याचा रस्ता दाखवतील.

आपली,
एक निवृत्त अव्वल कारकून
विदर्भ